ड्रायव्हरीणबाईंची घागर

लाईन गेली की आमच्या गल्लीत पहिला आवाज यायचा तो ड्रायव्हरीणबाईंचा. पंख्याची पाती अजून फिरत असायची, तेवढ्यात मधल्या भिंतीपलीकडून हाक यायची, "सुमनबाई, लाईन गेली का वो तुमची बी?" मी "हाव, आमची बी गेली" म्हटलं की तिचा जीव थंड. मग अंधार असो, उकाडा असो, तिची काही तक्रार नसायची. फक्त आपल्या एकटीच्याच घरची गेली नाही ना, एवढं तिला कळलं पाहिजे. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, वयानं मोठी होती ती माझ्याहून. पण आठवताना ती 'ती' म्हणूनच आठवते, त्याला इलाज नाही.

तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर. नांदुरा–संग्रामपूर, संग्रामपूर–नांदुरा, सारी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. बोलणं कमी. जेवून उठताना ताटाच्या काठावर बोटानं दोनदा टक-टक करायचे. कंडक्टरनं डबल बेल दिली की गाडी सुटते ना, तशी ही त्यांची घरातली डबल बेल. दुसरी सवय म्हणजे कोणाला रस्ता विचारायचा नाही. एकदा मोताळ्याकडच्या एका खेड्यात लग्नाला भाड्याच्या जीपमधून आम्ही सगळे निघालो, जीप यांच्या हाती. भर उन्हात शेता-शेतांतून फिरवलं. बाई मागून म्हणते, "विचारा ना वो कोनाले तरी." तर म्हणाले, "मी ड्रायव्हर हाओ, मी विचारू?" पोहोचलो तेव्हा वऱ्हाडी पान खात बसले होते. "बरं झालं," बाई माझ्या कानात म्हणाली, "निदान पान तं भेटन."

ते गेले, अन् पुढच्या वर्षी प्रशांत, तिचा एकुलता एक मुलगा, तिला आपल्याकडे जर्मनीला न्यायला आला. थंडीचं, परक्या भाषेचं तिला काही नव्हतं. घोर लागला तो आखजीचा. अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, अन् पुरणाचा स्वयंपाक करून बाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. त्याच्या मुखानं आपलं माणूस जेवतं, असं आम्ही धरून चालतो.

जायच्या आधी भिंतीशी उभी राहून ती म्हणाली, "ते येतीन वो आखजीले. दाराले कुलूप दिसन. विचारनार तं कोनाले नाहीच. तहानलेले वापस जातीन."

"मंग तिकडंच भरा ना घागर," मी म्हटलं.

"तिकडचा रस्ता त्याईले कुठी माहीत हाय?"

 किल्ली तिनं माझ्या हातात दिली अन् मी शब्द दिला. दर आखजीला कुलूप काढायची, घर झाडायची, कुंभाराकडची नवी घागर तिच्या ओसरीत भरून ठेवायची. बंद घराला एक वास असतो, तो नाकात घेऊन मी मोठ्यानं म्हणायची, "भाऊजी, पानी ठेवलं हाय." दुसऱ्या दिवशी पाहावं तर पाणी उतरलेलं असायचं. वैशाखात मातीची घागर पाझरतेच, हे मलाही कळतं. पण एकदा मागं वळून दार ओढत होते तेव्हा आतून टक-टक असं दोनदा ऐकू आलं. पाल असेल म्हणून मी कुलूप लावलं. 

तिकडं तिचं बस्तान बसत होतं म्हणायचं. व्हिडिओ कॉलवर दिसायची, नऊवारीखाली लोकरीचे मोजे, वर सुनेचं स्वेटर. नळाला चोवीस तास पाणी, तरी ही सकाळी उठून घरातली सगळी भांडी भरून ठेवायची. प्रशांत म्हणायचा, "आई, इथं नळ जात नाही." ही म्हणायची, "आजपर्यंत नाही गेला." उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड, तर दिवा लावायचा कधी, यावरून घरात रोज वाद. "सुमनबाई, इथी दिवेलागनच व्हत नाही वो. देवाले वाटन म्हातारी झोपली." अन् एकदा असंच हसता हसता थांबून म्हणाली, "इथी लाईन बी जात नाही. कोनाले हाक मारू?"

मला विचारायची ती एकच गोष्ट. घागर भरली का? पाणी उतरलं का? मी "उतरलं" म्हटलं की तिचा चेहरा सैल पडायचा, अन् लगेच उतरायचाही. आपण इथं, ते तिथं, कुलपाआड एकटेच पाणी पितायत. हे तिला रात्रंदिवस दिसायचं. प्रशांतजवळ म्हणायची नाही, माझ्याजवळ म्हणायची. "मी त्याईले सोडून आली वो."

त्यांच्या खालच्या घरात एक म्हातारा राहायचा. बायको वारलेली, मुलं दूर. ही त्याच्याशी वऱ्हाडीत बोलायची, तो हिच्याशी जर्मनमध्ये, दोघांचं छान चालायचं. एका आखजीला तिनं हट्टच धरला, की खालच्या बाबांना पितर बसवायचं. सून घाबरली, त्यांना काय सांगायचं? बाई म्हणाली, "जेवाले या म्हना. बाकीचं मी पाह्यतो." मातीची घागर कुठली मिळणार, फुलझाडाची नवी कुंडी आणली, तिच्या बुडाचं भोक कणकेनं बुजवलं. पाटावर त्याला बसता येईना म्हणून टेबलावर ताट वाढलं. पुरणपोळी, कढी, कुरडई. स्वच्छ शर्ट घालून म्हातारा आला, मुकाट्यानं सगळं जेवला, अन् उठताना बोटांनी टेबलावर टक-टक केलं. दोनदा.

त्याच दुपारी तिचा फोन. आवाज ओळखू येईना. "सुमनबाई, पोहचले वो. डबल बेल देल्ली. कोनाले न विचारता पोहचले." अन् मग रडली ती, नवरा गेला तेव्हाही तशी रडली नव्हती. शांत झाल्यावर म्हणाली, "आता तिथी घागर नका भरू. दोन ठिकानी पानी दिसलं तं गोंधळतीन."

आठ-पंधरा दिवसांनी प्रशांतचा फोन आला. अडखळत म्हणाला, "काकू, इथली पद्धतच आहे. निघताना टेबलावर ठोकतात. सगळेच ठोकतात." मी विचारलं, "आईले सांगितलं काय?" म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "मंग मले बी नको सांगू. मी ऐकलंच नाही." तो हसला. त्या आखजीपासून ती तिथं राहायला लागली, असं तोच मला पुढं सांगायचा. सकाळी भांडी भरणं बंद झालं. संध्याकाळी घड्याळात सात वाजले की उजेड असो-नसो दिवा लावू लागली. खालच्या बाबांना दर आखजीचं आमंत्रण ठरून गेलं.

तुम्ही हसाल, पण एक सांगते. त्यानंतर मी ते घर झाडायला उघडायची तेव्हा आत काहीच नसायचं. आधी मी भाऊजींशी बोलायची, अन् कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आता माझाच आवाज भिंतीला लागून परत यायचा. घर तेव्हा खरं रिकामं झालं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. झोपेतच. प्रशांतनं सगळं तिकडंच केलं. या आखजीच्या आधी त्याचा फोन आला. "काकू, मी दोन घागरी भरतोय, खालचे बाबा येतायत. तुम्ही तिकडं भरू नका हं, आई म्हणायची दोन ठिकाणी नको." मी बरं म्हटलं. त्याचं चुकलं नव्हतंच काही.

आखजीच्या दिवशी पुरण वाटलं, आमच्या घरच्यांच्या घागरी भरल्या, जेवणं झाली. एक घागर जास्तीची आणून ठेवली होती, ती कोपऱ्यात कोरडी. का आणली, मला विचारू नका. भर दुपारी लाईन गेली. पंख्याची पाती फिरत राहिली, मग थांबली. गल्ली एकदम गप्प झाली. भिंतीपलीकडून काही आवाज आला असं मी म्हणणार नाही. आला नाही. पण ती जागा कानाला इतकी ओळखीची होती, की हाक येऊन गेल्यावर होते ना, तशी ती शांतता होती.

मग मला सुचलं. गोंधळण्याची भीती होती ती भाऊजींची. ते विचारायचे नाहीत. ही तर साऱ्या जगाला विचारत विचारत येणारी बाई. तिला दोन काय, दहा ठिकाणी पाणी ठेवलं तरी ती चुकायची नाही. मी घागर भरली, वर डांगर ठेवलं, अन् मधल्या भिंतीवर टेकवली.

"हाव वो," मी म्हटलं, "आमची बी गेली."

अन् लाईन येईपर्यंत तिथंच बसून राहिले.