आखाजीच्या दिवसाचा ताप

वच्छलाबाई देवरे यांचा विश्वास बसावा अशी वस्तू जळगावच्या पिंप्राळ्यात अजून विकायला आलेली नव्हती. दुधात बोट बुडवून बघणार. सून रत्नाने गॅस बंद केला म्हणून सांगितलं, तरी उठून बटण चाचपून येणार.

"आई, तुम्ही आरतीची कडवीसुद्धा मोजता," रत्ना म्हणायची.

"पुजारी एक गाळतो म्हणून."

धुळे जिल्ह्यात तीस वर्षं अंगणवाडीची नोकरी करून त्या जळगावला मुलाकडे आल्या होत्या. नवं औषध किंवा लस माणसांवर तपासायची, तर आधी एका समितीने कागद बघून होकार द्यावा लागतो, आणि त्या समितीत डॉक्टर-वकिलांसोबत एक साधं माणूसही लागतं. धुळ्याच्या एका खासगी रुग्णालयाने साधं माणूस म्हणून वच्छलाबाईंना घेतलं. समितीचे सचिव डॉ. हितेंद्र यांना वाटलं असावं, निवृत्त बाई आहे, चहा पिईल आणि सही करेल.

करोनाच्या पहिल्याच वर्षी एका गोळीची फाईल आली. चाळीस रोग्यांना दिली, छत्तीस बरे झाले.

"ज्यांना दिली नाही, त्यांतले किती बरे झाले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

ते कुणी मोजलंच नव्हतं.

"आमच्या गल्लीतली भागाबाई मुगाची खिचडी खाऊन बरी झाली. खिचडीची पण फाईल करू का?"

गोळीची फाईल परत गेली. डॉक्टरमंडळी तेव्हापासून त्यांच्यापुढे चहा जरा लवकर ठेवू लागली.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये नव्या लसीच्या बूस्टरची फाईल घरी आली. साक्रीपलीकडच्या एका गावात बत्तीस जणांना लस टोचली होती. सातव्या दिवशी घरोघरी जाऊन विचारपूस झाली होती. आता आणखी दोनशे जणांना टोचायची परवानगी हवी होती, आणि त्यासाठी समितीतल्या प्रत्येकाची सही.

बत्तिसांत एकोणीस सासुरवाशिणी होत्या. प्रत्येकीपुढे तेच: गृहभेट झाली, ताप नाही, सूज नाही, तक्रार नाही. भेटीची तारीख तीन मे.

वच्छलाबाईंनी चष्मा पुसला. "रत्ना, तीन मेला तू कुठे होतीस?"

"आखाजी ना ती? नरडाण्याला, माहेरी. तुम्हीच तर सांजोऱ्यांचा डबा देऊन एसटीत बसवलं. करोनाने दोन आखाज्या खाल्ल्या, ही सोडते होय? आमच्या गल्लीत एक सून सासरी सापडली नसती."

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय तृतीया; त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी झोक्यावर असतात. त्या रात्री वच्छलाबाईंनी गॅसचं बटण चाचपलं नाही, हे रत्नाच्या लक्षात आलं.

बैठकीत त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. डॉ. हितेंद्र हसले. "अक्का, लसीत खोट नाही हो. मोठ्या शहरांत हजारोंवर तपासणी झालीय."

"लसीवर नाही, कागदावर शंका आहे माझी. आखाजीला सासरी एकोणीस सुना भेटल्या कशा?"

"थांबल्या असतील. सणावरून तुम्ही कुणाला खोटं ठरवणार? पुरावा काय?"

सगळे वच्छलाबाईंकडे बघत होते.

"मी लिहिलंय असं," त्या म्हणाल्या. "नव्वद साली. आखाजीला मी माहेरी होते. झोक्यावरून उतरले आणि महिन्याच्या गृहभेटी बसल्या जागी लिहून टाकल्या. एका पोराचं वजन 'स्थिर' लिहिलं. ते पोर त्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होतं. वाचलं. पण माझ्या वहीत ते कधी आजारी पडलंच नाही."

मग डॉ. हितेंद्रांनी फाईल मिटली. "पुन्हा भेटी घेऊ. तुम्ही स्वतः चला."

भेटी लिहिणारी रूपा साक्रीच्या स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. पंचविशीची, ओढणीचं टोक चावणारी. पहिल्या घराच्या अलीकडे तिने गाडी थांबवली.

"अक्का, मीपण माहेरी गेले होते. सगळ्यांना फोन लावले, निम्म्यांचे लागले नाहीत. ज्यांचे लागले त्या म्हणाल्या, बरंय. नोकरी जाईल का माझी?"

"माझी गेली नव्हती."

"मग?"

"मग काय, तीस वर्षं लोकांचे गॅस तपासतेय. चल."

रूपाला ते कळलं नाही, पण ती चालू लागली.

एकोणीसपैकी सोळा जणींना खरंच काही झालं नव्हतं. दोघींचा दंड सुजला होता. शेवटच्या घरी लताबाई नावाची सून भाकरी थापत होती.

"ताप? उना ना! दोन दिन. आखाजीले झोकावर बसनूच नही मी."

"मग कुणाला सांगितलं का नाही?" रूपाने विचारलं.

"कोन्ले सांगू? तू तर विचाराले उनीच नही."

रूपाची मान खाली गेली. तिने कागद काढला. "किती होता ताप? आकडा लागतो."

"माहेरले कोठे ते थर्मामीटर? मायनी कपाळले हात लाईसन दखं. म्हने, तव्यासारखं शे."

रूपाने वच्छलाबाईंकडे पाहिलं. "अक्का, काय लिहू? एकशे एक लिहू?"

"कुणी मोजला एकशे एक?"

"कुणीच नाही."

"मग नाही लिहायचा. दोन दिवस ताप, मोजला नाही, आईने हात लावून पाहिलं. तेवढंच."

पुढच्या बैठकीत एका डॉक्टरांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि भुवई उंचावली. "आईने हात लावून पाहिलं? हे कुठल्या रकान्यात बसवायचं?"

"रकाना मोठा करा," वच्छलाबाई म्हणाल्या.

डॉ. हितेंद्रांनी अहवालात तीन तक्रारी नोंदवल्या आणि पुढच्या गृहभेटींच्या तारखा वाचून दाखवल्या. त्या ऐकताना वच्छलाबाईंनी पिशवीतून घरचं कॅलेंडर काढलं, एकेक तारीख बोटाने शोधली. दुसऱ्या तारखेवर त्या थांबल्या.

"या दिवशी पोळा आहे, सगळे बैलांमागे असतील. पुढे ढकला."

तारीख ढकलल्यावर त्यांनी सही केली.