ताकदीची पूड

माझी आत्या डुकरांच्या शेडवर कामाला होती. "त्या घाणीत कशी गं राहतेस?" असं कुणी विचारलं, की म्हणायची, "माणसांपेक्षा बरी. पोट भरलं की गप्प बसतात."

तिथे डुकरांच्या खाद्यात रोज एक पांढरी पूड कालवायची असे. मॅनेजर तिला 'ताकद' म्हणायचा, म्हणून सगळेच ताकद म्हणायचे. आजारी डुकराला ताकद, धडधाकट डुकरालाही ताकद! लवकर वजन भरावं, लवकर खाटकाकडे जावं, एवढाच हिशोब. आत्या ती उघड्या हातांनी कालवायची.

एकदा शेडच्या दारात तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट चेंगरलं. बाईने जखमेवर काय दाबावं? चिमूटभर ताकद! "डुकरांना मानवते, मला का नाही मानवणार?" बोट भोपळ्यासारखं सुजलं, तापाने अंग फणफणलं, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

"आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जन्मात गोळी गिळली नाही मी," आत्या तोऱ्यात म्हणाली.

इंजेक्शनं सुरू झाली, पण गुण येईना. औषध बदललं, तरी तेच. सूज मनगटाकडे सरकली आणि डॉक्टरीणबाई हात कापण्याची भाषा बोलू लागल्या. शेवटी त्यांनी कामाचं विचारलं आणि ताकदीची गोष्ट बाहेर आली. मी शेडवरून पुडी आणली, ती तपासली. अँटिबायोटिकच होतं ते! रोज तेच खाऊन शेडमधले जंतू निर्ढावले होते आणि तेच जखमेत शिरले होते.

पुढचं एक जालीम औषध लागू पडलं. हात वाचला, बोट गेलं.

माझं टाळकंच सटकलं. औषधाला औषध म्हणायला काय जीभ झडत होती? औषध म्हटलं असतं तर एखाद्याने तरी विचारलं असतं, की बाबा, आजारी कोण आहे? ताकद म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय!

मी आत्याला घेऊन मॅनेजरकडे गेलो. ताकदीची पोती तिथेच रचलेली होती. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"शेडवर काम म्हटलं की लागायचंच. उगाच आमच्याकडे बोट दाखवू नका."

आत्याने पट्टी बांधलेला उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला.

"कुठलं दाखवू, साहेब?"