हेमाने परत न केलेलं तिकीट

दर्शनाचा फोन आला तेव्हा मी आमच्या बोळिंजच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवाल्याशी हुज्जत घालत होते. फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि "अगं, नंतर करते," म्हणेपर्यंत पलीकडून ती म्हणाली, "मावशी, आई गेली." दर्शना ही हेमाची सून, आणि हेमा माझी शाळेपासूनची मैत्रीण. सकाळी अर्नाळ्याच्या बंदरावर मासळी घ्यायला गेली होती. लिलाव चालू असताना जरा बसते म्हणाली आणि उठलीच नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, चांगलं मरण आलं, कुणाला त्रास दिला नाही. मला दिला. अजून देते आहे. तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसले आहे, पण सूर रागाचाच लागणार, हे आधीच सांगून ठेवते.

आगाशीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी तिथल्याच एका वाडीतली, ती अर्नाळ्याहून एसटीने यायची. बाकीच्या मुली मासळीचा वास येतो म्हणून तिच्या शेजारी बसत नसत, आणि मी काही मोठ्या मनाची होते म्हणून बसले असंही नाही. बाईंनी बसवलं म्हणून बसले. मैत्री झाली ती आमच्या घरच्या रेडिओमुळे. संध्याकाळी त्यावर एका गायिकेची गाणी लागायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता. त्या गाण्यांसाठी हेमा रोजची एसटी चुकवायची आणि घरी जाऊन मार खायची. दुसऱ्या दिवशी वळ दाखवून म्हणायची, "कालचं गानं मस्त होतं पन." हिला एकदा समोर बसून ऐकायचं, हे तेव्हाच ठरलं. मग माझी डी.एड., शाळेतली नोकरी, तिचं लग्न, बाजारातला मासळीचा ओटा, दोघींची बाळंतपणं… कार्यक्रम व्हायचे ते मुंबईला, आणि आमच्यातली एक मोकळी असली की दुसरी हमखास अडकलेली.

हेमाला हट्टी म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणण्यासारखं आहे. तिच्या धंद्याचे तिचे कायदे होते आणि ते तिने कुणासाठी वाकवले नाहीत, माझ्यासाठी तर मुळीच नाही. कुणाकडे जेवणावळ असली की लोक तिला मासळी सांगून ठेवायचे आणि इसार म्हणून थोडे पैसे आधीच हातावर ठेवायचे. एकदा माझे व्याही जेवायला यायचे होते म्हणून मीही पापलेटं सांगितली. वारा सुटला, होड्या रिकाम्या आल्या. मी इसार परत मागितला. तिने काही न बोलता दिला, आणि वर म्हणाली, "आता तू पन मोकली, मी पन मोकली. ठेवला असतास तर पयली होडी तुझी होती." मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. दोन दिवसांनी होड्या भरून आल्या तेव्हा ज्यांनी इसार मागे घेतला नव्हता त्यांना तिने निवडून निवडून मोठी पापलेटं दिली आणि मला, पन्नास वर्षांच्या मैत्रिणीला, रांगेत उभं केलं. मी तणतणत घरी आले. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, नियमाने चालणारं माणूस मला आवडतं. पण नियम मी ठरवलेला असला तर.

दोन वर्षांपूर्वी ती गायिका वसईत येणार असल्याचं कळलं. वय झालेलं, फारसे कार्यक्रम करत नव्हत्या. मी रांगेत उभी राहून दोन तिकिटं काढली. हेमाने कार्यक्रमाच्या दिवशी ओटा बंद ठेवला, जो तिने स्वतःच्या मुलाच्या बारशालाही ठेवला नव्हता. दुपारी निरोप आला, बाईंचा घसा बसला आहे, कार्यक्रम रद्द. सभागृहाच्या दारावर कागद लावला होता: तिकीट दाखवून आठ दिवसांत पैसे परत घ्यावेत, किंवा हवं असल्यास तिकीट आठवण म्हणून जवळ ठेवावं. मी दुसऱ्याच दिवशी पैसे घ्यायला निघाले. हेमाकडे तिचं तिकीट मागितलं.

"नाय देनार," ती म्हणाली.

"आठवण म्हणून ठेवणार आहेस?"

"जे झालंच नाय त्याची आठवन कसली, शैले? हा इसार हाय. मी मागं घेतला की ती बाय मोकली."

मी तिला समजावलं. आयोजक वेगळे असतात, गायिका वेगळी, पैसे सभागृहाच्या भाड्यात जातात, बाईंना तुझं नावही ठाऊक नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, कोळंबी सोलता सोलता. मग तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या चंचीत ठेवलं. मी माझे पैसे घेऊन आले. व्यवहार संपला असं मला वाटलं.

सात-आठ महिन्यांनी बाईंचा कार्यक्रम पुन्हा जाहीर झाला. आयोजक नवे, तिकिटं नवी. आधीची तिकिटं चालणार नाहीत, असं जाहिरातीत ठळक अक्षरात छापलेलं होतं. मी मुकाट्याने दोन नवी तिकिटं काढली आणि हेमाला काहीच सांगितलं नाही. दारात गेल्यावर हातात ठेवू, माणसांसमोर वाद घालणार नाही, असा माझा हिशेब. इतकी वर्षं ओळखूनही मी हा हिशेब करावा, याचं मला आज नवल वाटतं. तिने दारात चंची उघडली आणि जुनं तिकीट पुढे केलं. दारावरचे गृहस्थ सभ्य होते. "काकू, हे मागच्या लोकांचं आहे," ते म्हणाले.

"लोक बदलले असतील. गानारी तीच हाय ना?"

मी नवं तिकीट तिच्या हातात कोंबलं. तिने ते परत माझ्या हातात दिलं. "हे घेतलं तर ते खोटं पडलं. मी काय फुकट मागत नाय. मी आधीपासून थांबलेली हाय." मागे रांग वाढत होती. माझ्या शाळेतले दोन पालक त्या रांगेत होते, ते बघत होते. आणि मी, आयुष्यभर गलका करणाऱ्या वर्गाला जे म्हणत आले तेच बोलून गेले, "हेमा, इथे मासळीबाजार करू नकोस."

ती रांगेतून बाजूला झाली आणि आवाराच्या कठड्यावर जाऊन बसली. तिच्याजवळ जाऊन बसणं शक्य होतं. दोन्ही तिकिटं फाडून टाकणंही शक्य होतं. मी आत गेले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून दोन तास बसले.

बाहेर आले तेव्हा ती तिथेच होती. बंद सभागृह, बाहेर काही ऐकू येत नव्हतं. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "कशी गायली?" साधं विचारलं, राग नव्हता. राग माझ्यात होता. मी म्हणाले, "आवाज राहिलेला नाही बाईंचा. नाही आलीस तेच बरं." तिला हळहळ वाटू नये म्हणून तसं म्हटलं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घालत राहिले. ते खरं नाही. तिला जिंकू द्यायचं नव्हतं की हरवायचं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण दया त्यात नव्हती. त्यानंतर दर बुधवारी मी तिच्या ओट्यावर जात होते. गप्पा व्हायच्या, माझ्या गुडघ्यावरून ती मला चिडवायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं. मग कुणी गिऱ्हाईक यायचं, किंवा मीच म्हणायचे, पुढच्या बुधवारी. जवळजवळ सव्वा वर्ष मी हे पुढचे बुधवार केले. आता तिच्यावर चिडायचं तरी कसं? ती ऐकून घ्यायला नाही, आणि मला दुसरं कुणी इतकं चिडवलेलंही नाही.

ती गेल्यानंतर पहिल्यांदाच, गेल्या बुधवारी, मी बाजारात गेले. ओट्यावर दर्शना होती. मला बघून तिने हातातलं काम थांबवलं, तराजूमागची चंची काढली आणि तिकीट माझ्या हातात दिलं.

"घ्या मावशी, तुम्हीच काढलेलं ना? आम्ही ठेवून काय करणार? आई बोलायची, बाईचा आवाज गेला, शैला स्वतः ऐकून आली. इथं सगळ्यांना तेच सांगायची."

"सगळ्यांना?"

"हो ना. तेव्हापासून रेडिओवर त्या बाईचं गाणं लागलं की बंद करायची. जुनं असलं तरी. बोलायची, म्हातारीचे हाल आठवतात, नको."

मला बसायला जागा हवी होती, बाजारात ती नसते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दर्शना, ती फार सुंदर गायली. पहिली काही मिनिटं आवाज चाचपडला, मग जो लागला तो शेवटपर्यंत. मधे पाणी प्यायली आणि हसून म्हणाली, मागच्या वेळी तुम्हाला परत पाठवलं, आज दोन जास्त गाते. त्या दोनांतलं एक आम्ही शाळेत असताना रेडिओवर ऐकायचो ते होतं. मी रडले…

दर्शना ऐकत होती. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

"मग आईला का नाय सांगितलंत?" तिने विचारलं.

मी तिकिटावरची तारीख वाचत राहिले. तिने मग ओल्या फडक्याला हात पुसले, ते पुन्हा साडीला कोरडे केले, आणि माझ्या हातातलं तिकीट काढून घेतलं.

"मग हा इसार आमच्याकडंच राहू दे," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या बाईला काय हवं ते विचारलं.