उसाआड बांधलेली गाय

देवमासा श्वास सोडायला वर आला, की आम्ही त्याच्या डोक्यावरून ड्रोन नेतो. ड्रोनला लावलेल्या बशीत त्याच्या श्वासाचे तुषार पडतात. त्याला कसला रोग झालाय का, हे त्यातून तपासायचं, ही माझी नोकरी.

सुट्टीला गावी, न्हावऱ्याला आले, तर आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, एक गाय उसाआड बांधलेली. अंगभर गाठी. लम्पी झालाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण डेअरी दूध घ्यायची बंद होईल, म्हणून लस टोचायला आलेल्या डॉक्टरांना आप्पांनी बांधावरूनच परतवून लावलं होतं.

"गोमाशा चावल्यात, दुसरं काय न्हाई," आप्पा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "समुद्रातला देवमासा मला सापडतो आन् घरातली गाय तुम्ही लपवता?"

"देवमाशाला रोग निघाला, तर औशिद देतीस व्हय?"

"नाही देता येत."

"मंग बघतीस कशाला?"

मी त्यांना ओढतच गोठ्यात नेलं आणि तिथं बांधलेल्या, त्याच गाईच्या कालवडीच्या मानेवर त्यांचा हात दाबून धरला. बोटांखाली पहिली गाठ लागली, तसा आप्पांनी हात मागं ओढायला बघितला.

"हिच्यासाठी," मी ओरडले. "एकीचा रोग वेळेत कळला, की दुसरीला वाचवता येतं."