भट्टी मोडायचा खर्च

आत्याने दादाची नोकरी घालवली, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

दादा इंजिनिअर. मध्यप्रदेश राज्य अजून नवंनवंच होतं. बाहेरगावी एका अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं आणि तिथली वीज काय भावाने पडेल, याचा अंदाज मांडायला त्याला घेतलं होतं. नोकरी पक्की व्हायची होती. दिवाळीला मल्हारगंजातल्या आमच्या घरी आला तो हवेतच. वीज किती स्वस्त होणार, हेच जेवण संपेपर्यंत चाललं होतं.

आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण, शाळेत शिकवायची, आमच्यातच राहायची. आपल्या सरणाच्या लाकडांचे आणि दिवसांचे पैसे तिने कधीचेच बाजूला काढले होते आणि तसं सगळ्यांना बजावलंही होतं. तिने विचारलं, केंद्र म्हातारं झालं की मग काय? दादा म्हणाला, बंद करून अणुभट्टी मोडायची. वापरलेलं इंधन मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं. तो खर्च कोणाच्या माथी, आत्याने विचारलं. पुढचे बघतील, असं तो हसत बोलून गेला. आत्याचा पाराच चढला.

"जेवायचं तुम्ही आणि उष्टी काढायची दुसऱ्यांनी? लाज नाही वाटत?"

दादा परत गेला. तिथे त्याने विजेच्या भावात भट्टी मोडायचा आणि कचरा सांभाळायचा खर्चही धरला. दर युनिटमागे थोडे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे. वीज एकदम महाग दिसायला लागली. साहेबांनी ते काढायला सांगितलं, दादाने काढलं नाही. होळीच्या आत वळकटी घेऊन तो घरी आला. ठरत आलेलं लग्न फिसकटलं. आईने आत्याशी बोलणं टाकलं. फार वाईट दिवस होते ते. शाळेतून आल्यावर घरात पाय ठेवावासा वाटायचा नाही मला.

एकदा आत्या आणि मी मेथी निवडत होतो, दादा शेजारीच पडला होता. आत्याने विचारलंच, "माझ्या तोंडामुळे गेली का रे नोकरी?"

दादा नाही म्हणाला. आकडा चुकला, असं तिथे कुणीच म्हटलं नव्हतं. भट्टी मोडायची वेळ येईल तेव्हाचं साहेब एवढंच म्हणाले होते, "अरे भाई, तब हम-तुम कहाँ रहेंगे?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली.

"ही असेल ना," ती म्हणाली.

आत्या गेली, दादाही गेला. मी आहे.