पदरचं काही न घालणारा दुभाषी

बंदरावर उतारूंचे कागद तपासायच्या खिडकीला लागूनच दुभाष्याची खुर्ची होती. गडी कधी देशाबाहेर गेला नव्हता, पण खलाशांच्या संगतीत सहा भाषा शिकला होता. त्याचा ताठा एकच: पदरचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही. धक्क्यावरचे हमाल त्याला 'पोपट' म्हणत. त्याला ते कौतुकच वाटे.

एकदा एक बाई लेकीला खांद्यावर टाकून खिडकीशी आली. मुलगी जेमतेम तीन वर्षांची, मान टाकलेली. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, पोरीला काय होतंय? बाई दुभाष्याकडे वळली आणि आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "दादा, हिला ताप आहे. पण बोटीत झोप झाली नाही, एवढंच सांगा. परत पाठवलं तर ही वाटेत टिकायची नाही."

दुभाष्यानं घसा साफ केला. "साहेब, मुलीला ताप आहे. हे तुम्हाला सांगू नका, बोटीत झोप झाली नाही एवढंच सांगा म्हणते. परत पाठवलं तर मुलगी टिकायची नाही, असंही म्हणते."

आजारी उतारूला बंदरात घ्यायची मनाई होती; साहेबानं नकाराचा शिक्का मारला. दोघींना आल्या बोटीनं माघारी धाडलं.

घरी जेवताना त्यानं हे बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती दवाखान्यात आया होती. एक वाक्य गिळलं असतं तर घशात अडकलं असतं का, असं तिनं विचारलं. सरकारी खुर्ची आहे ती, तो म्हणाला. ती अर्धं ताट तसंच टाकून उठली.

चार महिन्यांनी बाई पुन्हा आली. बरोबर कोण आहे, साहेबानं विचारलं.

"आता कोणी नाही," ती म्हणाली, आणि दुभाष्यानं तेवढंच सांगितलं.

या खेपेला परवानगी मिळाली. कागद हातात घेऊनही ती हलेना. मग दुभाष्याकडे बघत म्हणाली, "आमची भाषा तुम्हाला फार चांगली येते."

काय म्हणाली, साहेबानं विचारलं. दुभाष्यानं मान खाली घालून सांगितलं,

"आभार मानतेय, साहेब."

पुढं अकरा वर्षं तो त्याच खुर्चीत बसला. निरोपाच्या दिवशी साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं, या माणसानं उभ्या नोकरीत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोसाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखली होती. तिनं मुद्दाम त्या दिवशी दवाखान्यातल्या दुसऱ्या बाईची कामाची पाळी मागून घेतली होती.