घड्याळाच्या वर्गाचा दुसरा हप्ता

जानेवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळचे पाच. रक्कम साडेचार हजार रुपये, फीचा पहिला हप्ता. हजर चौघं: मी, माझी बायको, शिकवणारा तरुण आणि चाकणहून आलेला एक पेंटर. जागा ताथवड्यात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा हॉल. पावतीवर शिक्का नव्हता. विचारलं तर तो तरुण म्हणाला, "काका, शिक्का बनवायला टाकलाय." हे उत्तर मी नोकरीत बऱ्याच पुरवठादारांकडून ऐकलेलं आहे.

वर्ग होता तो चित्रकारांसाठी. ज्यांनी कॉम्प्युटरवर कोडची एक ओळही लिहिलेली नाही, त्यांनी स्मार्टवॉचसाठी स्वतःचं घड्याळ बनवायचं. चित्र आपणच काढायचं आणि ते चालवणारा कोडही आपणच लिहायचा. मला पहिला प्रश्न हा पडला की, ज्याला हे येतं तो स्वतःच घड्याळं बनवून का विकत नाही? दुसऱ्यांची चित्रं कशाला गोळा करतो?

बायको दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवते. चऱ्होलीत नवी सोसायटी उभी राहिली की तिला दोन-तीन महिने मान वर करायला फुरसत नसते. हजारो लोकांची नावं तिच्या हातून गेली असतील, पण पाटीवर रंगवणाऱ्याचं नाव नसतं. वर्गाच्या शेवटी ज्याचं घड्याळ नीट चालेल, त्याचं ते ॲप विकायला ठेवायचं आणि खाली बनवणाऱ्याचं नाव घालायचं, असं ठरलं होतं. तिला ते नाव हवं होतं. तसं तिने एकदाच सांगितलं, पण त्या दिवशी भाजी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. अट एवढीच होती की दुसरा हप्ता भरला तरच ॲप चढवणार. हप्ता जायचा माझ्या खात्यातून. मी म्हटलं, आधी घड्याळ चाललेलं बघतो.

तिने पाटीसारखाच गोल आखला. त्याच्या कडेने कंपनीची एक छोटी बस फिरते, तीच मिनिटकाटा. तास दाखवायला बारा खिडक्या, चालू तासाच्या खिडकीत दिवा. बस एका मिनिटाला सहा अंश सरकली पाहिजे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. गोल पाटीचे भाग पाडून हात तयार झालेला होता. कोड मात्र जड गेला. "एक स्वल्पविराम राहिला तर अख्खी बस गायब होते हो," ती म्हणायची. पेंटर टेंपोवर नावं घालणारा. त्याने आपल्या घड्याळात एवढा मोठा बैल काढला की आकड्यांना जागाच उरली नाही.

माझा संशय वाढत गेला. सरावासाठी वर्गाने एक घड्याळ दिलं, त्याच्यात तिचं ॲप टाकलं, तर ते विचारतं, हृदयाचे ठोके बघू का? मी म्हटलं, "वेळ सांगायला ठोके कशाला हवेत?" ती म्हणाली, "सर म्हणाले, नको म्हणायचं." मग विचारतं कशाला?

गुरुवारी मला साप्ताहिक सुट्टी. ती पाट्या लावायला गेली होती आणि घड्याळ टेबलावर होतं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाची साधनं तपासतो, त्यामुळे हात स्वस्थ बसले नाहीत. ते फोनशेजारी ठेवलं. भिंतीवरचं घड्याळ हिशेबात धरलं नाही. ते कधीच बरोबर नसतं. बस दहा मिनिटं पुढे होती. जेवल्यावर पुन्हा बघितलं, दहाच. चहाच्या वेळी, दहाच.

आता, साधन बिघडलं की फरक कमी-जास्त होतो. फरक एका जागी टिकून राहिला तर तो कुणीतरी लावलेला असतो. हे मी रोज नव्या पोरांना शिकवतो. मग लावला कुणी? ज्याला अजून साडेचार हजार यायचे आहेत त्याने, हे मला स्वच्छ दिसलं. पैसे मिळेपर्यंत घड्याळ चुकतं ठेवायचं आणि मिळाले की गुपचूप दुरुस्त करायचं. बायकोला मी काही बोललो नाही. ती त्याचीच बाजू घेईल असं वाटलं.

शेवटच्या शनिवारी पहिली शिफ्ट संपवून थेट वर्गात गेलो. ती आधीच पोचली होती. मी तिच्याकडून घड्याळ घेऊन टेबलावर ठेवलं, शेजारी फोन ठेवला.

"सर, हे दहा मिनिटं पुढे आहे. कधीही बघा, बरोबर दहा. हे आपोआप होत नाही. कुणी केलं?"

त्याने माझ्याकडे नाही, बायकोकडे बघितलं.

"मी केलं," ती म्हणाली.

"तू?"

"अहो, आपल्या भिंतीवरचं किती पुढे आहे?"

"दहा."

"ते कुणी लावलं?"

मीच लावलं होतं. चाकणला लागलो त्या वर्षी एकदा बस चुकली आणि अर्ध्या दिवसाची रजा गेली, तेव्हा स्टुलावर चढून काटा पुढे ढकलला. आमच्या बिल्डिंगमध्ये कंपनीच्या बसने जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तसंच आहे.

"बसचं घड्याळ बरोबर चाललं तर बस चुकेल ना," ती म्हणाली.

शिकवणारा म्हणाला, "काका, दहा कुठे मिळवायचे हे ताईंनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, मुद्दाम चुकीची वेळ कोण दाखवतं?"

"सर, तुमी कंपनीची बस धरली न्हाई कवा," पेंटर बैलावरून मान वर करत म्हणाला. "आमच्या घरी पंधरा मिन्टं फुडं हाय. तरी भाऊ रोज बस चुकवतो. त्याला म्हाईत हाय ना, पंधरा मिन्टं हायेत म्हणून!"

सगळे हसले. बायकोही हसली, पण तिची नजर माझ्यावरच होती. हप्ता मी अजून दिला नव्हता.

"ज्याला बस धरायची नाही त्याने काय करायचं?" मी विचारलं.

तिने बसवर बोट ठेवलं. शून्य ते पंधरा असे आकडे आले. शून्य निवडल्यावर बस सरकली आणि फोनच्या वेळेवर येऊन थांबली. मी मिनिट बदलेपर्यंत थांबलो. दोन्हीकडे एकदमच बदललं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे? घड्याळाला विचारत बसलात."

"वहिनी, मला पंधराचं टाकून द्या," पेंटर म्हणाला. "माझ्या बैलाला वेळच दिसत न्हाई."

ठोके कशाला विचारतात, हेही मी विचारून घेतलं. त्या तरुणाने तयार नमुन्यातून चुकून राहिलेली ओळ दाखवली आणि बायकोने ती माझ्यासमोर काढून टाकली. मग हप्ता इथेच देतो असं सांगून त्याला आधी ॲप चढवायला लावलं. बसखाली तिचं नाव, माहेरचं आडनावही सोबत घालून, तिने स्वतः टाइप केलं. अक्षरं बरोबर आहेत का, हे मी दोनदा वाचलं.

दुसरा हप्ता साडेचार हजार रुपये, फोनवरून, शिकवणाऱ्या तरुणाला दिला. पैसे मिळाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर दिसेपर्यंत मी जिना उतरलो नाही. पावतीवर या वेळी शिक्का होता.